त्रिनिदादला आई-बाबांना घेऊन जायचंय, कोणी गेलंय का? व्हिसा, लस, जेवण, सेफ्टी सगळंच विचारायचंय

चहाबिस्किट

नमस्कार. इथे दोन वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मुलुंडचे. भाऊ न्यू जर्सीत असतो. येत्या जानेवारीत मी आणि आई-बाबा त्याच्याकडे जाणार, मी पाच आठवडे, ते दोघं तीन महिने. तर झालंय असं की बाबांना (वय ६९) अमेरिकेत काहीच बघायचं नाहीये. नायगारा म्हटलं तर म्हणाले भेडाघाट बघितलाय की. त्यांचं एकच, पोर्ट ऑफ स्पेनचं ग्राउंड. १९७१ ला वाडेकरच्या टीमने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते तिथे, गावसकरची पहिली टेस्ट पण तीच, बाबा तेव्हा आठवीत होते आणि ते स्कोअरकार्ड त्यांना अजून पाठ आहे. माझा वाढदिवस विसरतात पण सरदेसाईने ११२ काढले हे नाही विसरत.

भाऊ म्हणतो जेएफकेवरून थेट विमान आहे, पाच तासांचं, जाऊन या आठवडाभर. तो स्वतः येणार नाही कारण सुट्टी नाही, म्हणजे मी एकटी आणि हे दोघं. तिघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा बी१/बी२ व्हिसा आहे.

आता प्रश्न. त्रिनिदादला वेगळा व्हिसा लागतो का? कसलीतरी लस लागते असं ऑफिसमधला एकजण म्हणाला ते खरं का? आई पूर्ण शाकाहारी (कांदा लसूण चालतो, अंडं नाही), तिचं काय होणार? बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, जिने जास्त नको. आणि गूगल केलं तर पहिल्याच पानावर खुनाच्या बातम्या आल्या, आईला अजून दाखवल्या नाहीयेत. कार्निव्हल त्याच सुमारास असतो म्हणे, तो बघावा की टाळावा? टोबॅगोला (त्याच देशाचं दुसरं बेट) पण जावं का की नुसतंच धावपळ?

बोटीवरचा

ताई, पंचवीस वर्षं मर्चंट नेव्हीत आहे, त्यातली बरीचशी टँकरवर, त्यामुळे आमच्यासाठी त्रिनिदाद म्हणजे पॉइंट लिसास आणि पॉइंट फोर्टिन, मेथॅनॉल नाहीतर गॅस. लोकांना वाटतं कॅरिबियन म्हणजे नारळाची झाडं आणि झोपाळा, पण हा देश तेल आणि गॅसवर चालतो, टुरिझमवर नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा म्हणजे तिथे पोचल्यावर अपेक्षाभंग होणार नाही. टुरिस्ट म्हणून कोणी तुमच्या पुढेपुढे करणार नाही, आणि लुबाडायला मागे पण लागणार नाही.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला ९० दिवसांपर्यंत लागत नाही. काउंटरवर रिटर्न तिकीट आणि राहायचा पत्ता विचारतात, दोन्ही कागदावर प्रिंट काढून न्या, मोबाइल पुढे करून स्क्रोल करत बसू नका. तुमचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री असेल, तरी एकदा बघून घ्या, कारण परत आत यायचंय.

आता लस. ऑफिसमधला बरोबर बोलला. यलो फीव्हर. आपल्या सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे (टोबॅगो नाही, फक्त त्रिनिदाद बेट). गंमत म्हणजे तिथे शिरताना भारतातून आलेल्याला कोणी विचारत नाही, विचारतात ते भारतात परत आल्यावर! लसीचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. आमच्या जहाजावरचा एक पोरगा यलो कार्ड केबिनमध्येच विसरून साइन ऑफ झाला, मुंबईत उतरला, बाहेर बायको आणि सहा महिन्यांची मुलगी जिला त्याने बघितलं पण नव्हतं, आणि हा आत. काचेतून हात हलवला फक्त.

लस सहारला एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनच्या सेंटरवर मिळते. आधी वेळ घ्यायची, ओरिजिनल पासपोर्ट न्यायचा. घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड व्हॅलिड होतं, आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

चहाबिस्किट

बापरे. बोटीवरचा दादा थँक्यू पण मला आता घाम फुटलाय. बाबांना बीपी आहे, शुगर बॉर्डरला, आणि ६९ वय. त्यांना ही लस चालते का? आणि समजा नाही घेतली तर तिघं सहा दिवस क्वारंटाइन? आईला हे सांगितलं तर ती म्हणेल तुमचं क्रिकेट तुम्हालाच लखलाभ.

घाटकोपर_सिस्टर

मी डॉक्टर नाही, नर्स आहे, त्यामुळे हे वाचून शेवटचं आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

यलो फीव्हरची लस जिवंत विषाणूची (कमजोर केलेला असतो) असते. बहुतेकांना काही होत नाही, हात दुखतो, थोडा ताप. पण साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेत असाल तर गंभीर रिअॅक्शनची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, अजूनही दुर्मीळच, पण जास्त. म्हणून साठीपुढच्यांना सरसकट टोचत नाहीत, गरज किती आणि धोका किती असं तोलतात. नुसत्या बीपी-शुगरमुळे लस नाही असं नसतं. अंड्याची अॅलर्जी, स्टेरॉइड चालू, केमो, थायमसचा आजार, असलं काही असेल तर मोठा प्रश्न. तुमच्या आई अंडं खात नाहीत ते वेगळं आणि अॅलर्जी वेगळी, सेंटरवर विचारतील तेव्हा घोळ घालू नका 🙂

पण दादांनी एक मुद्दा सोडला. क्वारंटाइनचा नियम तुम्ही त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लागू होतो. सहा दिवस का, तर आजाराचा इन्क्युबेशन पिरियड तेवढा. तुम्ही त्रिनिदादहून न्यू जर्सीला परत येणार आहात ना? मग त्रिनिदाद ट्रिपच्या शेवटी ठेवू नका, सुरुवातीलाच ठेवा. तुम्ही पाच आठवडे म्हणताय, तर दुसऱ्या आठवड्यात जाऊन या, भारतात यायच्या वेळी दोन आठवडे होऊन गेलेले असतील. आई-बाबांचा तर प्रश्नच नाही. फक्त त्रिनिदादहून निघाल्याचं तिकीट, बोर्डिंग पास, अमेरिकेत परत शिरल्याची तारीख हे सगळं जपून ठेवा, सहारला काउंटरवर विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

हे झालं कागदाचं. आजाराचं म्हणाल तर तो तिथे जंगलात असतो, माकडं आणि जंगली डास यांच्यात फिरतो. लसीची शिफारस मुख्यतः दाट जंगलात जाणाऱ्यांना आहे. तुम्ही शहर, देवळं आणि ग्राउंड करणार असाल तर डॉक्टरांशी बोलताना नेमकं तसंच सांगा, म्हणजे त्यांना ठरवता येईल. तुम्ही स्वतः मात्र घेऊन टाका, वय आहे तोवर. आणि डेंगी शहरात पण असतो त्यामुळे ओडोमॉस, फुल बाह्या, हे करायचंच.

बोटीवरचा

सिस्टर बरोबर आहेत. आम्ही जहाजावरून थेट घरी येतो ना, त्यामुळे सहा दिवसांचा हिशोब कधी डोक्यात आला नाही. मान्य.

डबल्सवाली

अगं तू आईच्या जेवणाची काळजी सोडूनच दे! आम्ही सान फर्नांडोला (दक्षिणेला, दुसरं मोठं शहर) दोन वर्षं होतो, नवऱ्याचं डेप्युटेशन होतं, आणि मी तिथे अमेरिकेपेक्षा सुखाने जेवले. देशातली साधारण एक तृतीयांश वस्ती भारतीय वंशाची आहे, ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं पहिलं जहाज आलं तेव्हापासून १९१७ पर्यंत उसाच्या मळ्यांवर मजूर नेले, बहुतेक यूपी-बिहारचे, कलकत्त्याहून. ३० मे ला अजून सार्वजनिक सुट्टी असते. हिंदी बोलता येत नाही फारसं कोणाला, पण वडिलांच्या आईला आजी म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजा! पहिल्यांदा शेजारच्या मुलाने 'माय आजी' म्हटलं तेव्हा मी भांडी घासता घासता थांबले.

डबल्स म्हणजे तिथला वडापाव. सकाळी ऑफिसला जाताना रस्त्यावर उभं राहून खायचं, कागदात गुंडाळलेले दोन मऊ हळदीचे बारा (तळलेल्या छोट्या पुऱ्या समज, पण लुसलुशीत) आणि त्यात छोल्यासारखा चना, वरून काकडी, चिंचेची चटणी, पेपर. पेपर म्हणजे मिरी नाही, तिखट सॉस, आणि ते तिखट आपल्या तिखटासारखं नसतं, स्कॉच बॉनेट मिरची असते, कानातून धूर. विक्रेता विचारतो किती पेपर, तर 'स्लाइट' म्हणायचं. आईला पहिल्या दिवशी 'नो पेपर'. सगळं शाकाहारी. एवढं स्वस्त दुसरं काही मिळत नाही तिथे.

मग सहिना. अळूच्या पानाला डाळीचं पीठ लावून तळतात. अळूवडीच गं, फक्त गूळ-चिंच आत न घालता चटणी बाहेरून. कललू पण अळूचंच, भेंडी आणि नारळाचं दूध घालून शिजवतात, आपलं फदफदं आठवतं, पण त्यात खेकडा नाहीतर खारवलेलं मांस घालायची पद्धत आहे त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नकोस. कुरमा म्हणून एक गोड मिळतं ते जाडजूड शंकरपाळं. अंबाड्याला पॉमसितेर म्हणतात, त्याचं आणि कैरीचं 'चाऊ' करतात, मीठ लसूण मिरची लावून, गाडीवर पिशवीत मिळतं.

रोटीच्या दुकानात दोन प्रकार मुख्य, दालपुरी (आत शिजवून दळलेली डाळ, पुरणपोळी गोड न करता केली तर) आणि बस-अप-शट, म्हणजे पराठा तव्यावर उलथन्याने मारून मारून फाडलेला, नाव 'बस्टेड अप शर्ट'वरून, फाटका शर्ट 😄 भाजी 'चना अँड आलू', भोपळा, भाजी (पालेभाजीला भाजीच म्हणतात), वांग्याचं चोखा. एकच काळजी, त्याच काउंटरवर बीफ आणि चिकनची रोटी पण असते, पळी तीच फिरते. आईला चालत नसेल तर शाकाहारीच असलेली छोटी दुकानं चगुआनास साइडला भरपूर, किंवा सकाळी डबल्सवाल्याकडेच पोट भरा.

अंड्याचं म्हणशील तर केक-पेस्ट्री सोडून दे बस.

वांद्रेसीलिंक

सगळं छान छान चाललंय पण कोणीतरी खरं बोला. २०२४ मध्ये तिथे सहाशेच्या वर खून झाले, आणि लोकसंख्या किती तर जेमतेम चौदा-पंधरा लाख. ठाण्याएवढा देश. डिसेंबर २०२४ ला इमर्जन्सी लावली, ती संपते न संपते तर जुलै २०२५ ला परत. तुम्ही एकट्या, सोबत दोन म्हातारी माणसं, आणि जाणार कशासाठी तर एक रिकामं ग्राउंड बघायला. बार्बाडोसला जा ना, भारतीयांना तिथे पण ९० दिवस व्हिसा नाही, यलो फीव्हरची भानगड नाही, आणि केन्सिंग्टन ओव्हल आहेच की. २०२४ चा टी२० वर्ल्ड कप आपण तिथेच जिंकलो.

डबल्सवाली

आकडे खोटे नाहीत, पण ते खून बहुतेक गँगमधले आणि ठरावीक वस्त्यांतले. लाव्हेंटील, बीथम, सी लॉट्स, तिकडे तुझं काही कामच नाही. मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला आपण जसं सांगतो ना की रात्री इथे नको, तसं. मी दोन वर्षांत एकटी बाजारात गेले, मुलाला शाळेतून आणलं. पण अंधार पडल्यावर पायी कधी फिरले नाही, सोनं अंगावर कधी घातलं नाही (मंगळसूत्र पण आत), आणि गाडीची काच सिग्नलला वर. क्वीन्स पार्क सव्हाना म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनचं मोठं मैदान, संध्याकाळी तिथे नारळपाणीवाले उभे असतात, छान वाटतं, पण दिवे लागले की निघायचं. तसंच डोंगरावरचे व्ह्यू पॉइंट, फोर्ट जॉर्ज वगैरे, एकटं गाठून लुटतात, जायचं तर सकाळी आणि ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर.

राहायला वुडब्रुक, सेंट क्लेअर किंवा सेंट अॅन्स. वुडब्रुकमधून क्वीन्स पार्क ओव्हल (बाबांचं १९७१ चं ग्राउंड) जवळ पडतं त्यामुळे बाबांना तेच बरं. जायच्या आधीच्या आठवड्यात बातम्या बघा, इमर्जन्सी चालू असेल तर पोलिसांना कुठेही थांबवून झडती घ्यायचा अधिकार असतो, पासपोर्टची कॉपी कायम जवळ. पोलीस ९९९, अॅम्ब्युलन्स ८११, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

बार्बाडोस मस्त आहे, महाग आहे. आणि १९७१ तिथे घडलं नाही, काय करणार.

कट्टा_शिवाजीपार्क

वर कोणीतरी 'रिकामं ग्राउंड' म्हणालं. साहेब, काही ग्राउंड कधीच रिकामी नसतात. असो, डायलॉग झाला.

मी जुलै २०२३ ला गेलो होतो. भारत-वेस्ट इंडीजची शंभरावी टेस्ट, क्वीन्स पार्क ओव्हलवरच, कोहलीची पाचशेवी इंटरनॅशनल मॅच आणि त्यात १२१. मुंबईहून एवढा लांब गेलो आणि पाचवा दिवस पूर्ण पावसात गेला, एक बॉल पडला नाही, मॅच ड्रॉ. त्यामुळे पहिला सल्ला, जून ते डिसेंबर पावसाळा, तुमचा जानेवारी-फेब्रुवारी एकदम बरोबर आहे.

ग्राउंड १८९६ पासून आहे, क्वीन्स पार्क क्रिकेट क्लबच्या मालकीचं. मॅच नसताना असंच आत सोडत नाहीत, आधी क्लबला मेल टाका, वडील ६९ वर्षांचे, १९७१ साठी मुंबईहून येतायत असं सरळ लिहा, माझा अनुभव असा की क्रिकेटसाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या गावात कोणी नाही म्हणत नाही. मला एका सिक्युरिटीवाल्याने 'गावसकर' असं म्हटल्यावर खुर्ची आणून दिली होती. बाबांना स्टँडमध्ये अशा जागी बसवा की उत्तरेचे डोंगर समोर दिसतील. तिथेच १९७६ ला ४०३ चा पाठलाग केला आपण, ४०६ वर ४, गावसकर आणि विशी (विश्वनाथ) दोघांची शतकं. आणि तिथेच २००७ ला बांगलादेशने हरवलं, ते बाबांना आठवण करून देऊ नका.

कार्निव्हल: ॲश वेन्सडेच्या (ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवास सुरू होतो तो बुधवार) आधीचा सोमवार-मंगळवार, म्हणजे २०२७ ला ८ आणि ९ फेब्रुवारी. बघण्यासारखा आहेच, जगात तसं दुसरं नाही, पण गुडघा आणि गर्दी आणि कानठळ्या बसवणारे ट्रक... लालबागच्या गर्दीत वडिलांना न्याल का? मग नको. हॉटेलचे रेट दुप्पट तिप्पट होतात, विमानं भरलेली. त्यामानाने जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जा, संध्याकाळी पॅनयार्डमध्ये स्टील बँडची प्रॅक्टिस चालू असते, शंभर शंभर माणसं एकदम वाजवतात, बाजूला उभं राहून ऐकायचं. स्टीलपॅन त्यांनीच शोधलं, तेलाच्या पिंपापासून. बाबांसाठी हाच कार्निव्हल पुरे.

फिरणं: गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने. स्वतः चालवायची तर इथल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, पण तिघांसाठी एक ड्रायव्हर दिवसभर ठरवणं जास्त सोपं. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसायच्या आधी ठरवायचं आणि ते यूएस डॉलरमध्ये सांगतोय की टीटी डॉलरमध्ये (त्रिनिदाद-टोबॅगोचा डॉलर) हे विचारायचं, माझी इथेच पहिल्या दिवशी वाट लागली, मी टीटी समजून हो म्हटलं आणि तो यूएस म्हणत होता, म्हणजे पावणेसातपट!! कायदेशीर टॅक्सीची नंबर प्लेट एच ने सुरू होते. पी ने सुरू होणाऱ्या खाजगी गाड्या पण भाडी मारतात, त्यात बसू नका. मॅक्सी टॅक्सी म्हणजे आपली शेअर व्हॅन, पांढरी, पट्ट्याच्या रंगावरून रूट कळतो, पूर्वेला लाल, मध्य आणि सान फर्नांडोकडे हिरवा, टोबॅगोत निळा. एकटे असाल तर मजा येते, गुडघ्यासाठी पायरी उंच आहे.

पैसे: एक यूएस डॉलरला पावणेसात टीटी धरा, म्हणजे एक टीटी साधारण १३ रुपये. टीटी देशाबाहेर कोणी घेत नाही, त्यामुळे थोडे थोडेच बदला. यूपीआय येणार अशी घोषणा मोदी २०२५ ला गेले तेव्हा झाली, पण त्यावर विसंबून खिसा रिकामा नेऊ नका 😀 डबल्सवाला रोखच घेतो.

चहाबिस्किट

सगळ्यांचे किती आभार मानू. आईला सहिना वाचून दाखवलं, ती म्हणाली अळूवडीला गूळ नाही म्हणजे काय ती अळूवडी, पण चेहरा खुलला होता. बाबा १९७६ वाचून तासभर बोलत होते, २००७ मी स्क्रोल करून पुढे नेलं.

म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा, कार्निव्हलच्या आधी. टोबॅगोचं कोणी सांगितलं नाही. आणि आईसाठी एखादं देऊळ? तिचं गुरुवारी दत्ताचं असतं.

डबल्सवाली

अगं दत्ताचंच आहे! करापिचैमाला दत्तात्रेय योग सेंटर, दाक्षिणात्य पद्धतीचं मंदिर, आणि बाहेर ८५ फुटी हनुमान. तुमचा गुरुवार तिथेच काढा. पोर्ट ऑफ स्पेनहून गाडीने तासाभरात, सकाळी लवकर निघालात तर ट्रॅफिक उलट्या दिशेला असतो. पायात मोजे असू द्या, दुपारी फरशी तापते.

तिथून जवळच वॉटर्लूला समुद्रातलं देऊळ. शिवदास साधू नावाच्या मळ्यावरच्या मजुराने १९४७ ला किनाऱ्यावर देऊळ बांधलं, जमीन साखर कंपनीची होती, १९५२ ला पाडलं आणि त्याला चौदा दिवस तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर म्हणाला जमिनीवर नाही तर समुद्रात बांधतो, आणि सायकलला बादल्या लावून दगड माती टाकत पंचवीस वर्षं एकट्याने बांधत राहिला. आता किनाऱ्यापासून देवळापर्यंत सपाट रस्ता आहे, बाबांना चालता येईल. भरती-ओहोटी बघून जा, ओहोटीला नुसता चिखल दिसतो.

परत येताना चारच्या सुमाराला करोनी स्वॅम्प. बोटीत बसून खारफुटीतून नेतात, सूर्य मावळताना लालभडक आयबिस पक्षी हजारोंनी झाडावर उतरतात, हिरवं झाड बघता बघता लाल होतं. बोटीत चढताना एक पायरी आहे, बाकी बसूनच. ओडोमॉस इथे विसरलात तर मला शिव्या देऊ नका. सिस्टरांना घाबरून विचारते, खारफुटी जंगलात मोडते का हो?

घाटकोपर_सिस्टर

यलो फीव्हर पसरवणारे डास उंच जंगलातले, उत्तरेच्या डोंगरात आणि आत वगैरे. तरी डॉक्टरांना 'संध्याकाळी बोटीने स्वॅम्प' असं सांगाच, लपवू नका. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स बघा, अमेरिकेसाठी काढलेली पॉलिसी कधीकधी मधल्या दुसऱ्या देशात चालत नाही. वर्ल्डवाइड असेल तर ठीक. बाबांच्या गोळ्या दहा दिवसांच्या जास्तीच्या, हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

बोटीवरचा

टोबॅगो: आठवड्यातले दोन दिवस द्या. पोर्ट ऑफ स्पेनहून स्कारबरोला फेरी जाते, साधारण साडेतीन-चार तास, स्वस्त, पण मधला समुद्र खवळलेला असतो. मी खलाशी माणूस, पंचवीस वर्षांत ओकलो नाही, त्या फेरीत बायको आणि दोन्ही मुलं ओकली आणि मी पिशव्या धरून बसलो. विमानाने जा, पंचवीस मिनिटं, तिकीट आधीच काढा कारण लोकल लोक वीकेंडला तिकडेच पळतात. राहायचं क्राउन पॉइंटला, एअरपोर्टवरून चालत जाता येईल इतकं जवळ. काचेच्या तळाच्या बोटीने बकू रीफ आणि नायलॉन पूल करा, समुद्राच्या मधोमध कमरेएवढं पाणी, बाबांना गुडघ्याला बरं वाटेल. डांबराचं तळं (ला ब्रेया, शंभर एकर, त्यावर चालता येतं) गुडघ्यामुळे सोडा, नाहीतर आपल्या पालिकेच्या लोकांना पाठवायला हवं तिथे.

चार्जरसाठी अमेरिकन चपट्या पिनांचा अडॅप्टर चालतो, व्होल्टेज ११५, अमेरिकेसारखंच.

आणि एक राहिलंच, हे कोणी सांगत नाही. मिलिटरी प्रिंटचं काहीही तिथे घालायला कायद्याने बंदी आहे. टीशर्ट, पँट, टोपी, लहान मुलांचं पण. आमच्या एका कॅडेटची नवीकोरी कार्गो पँट गेटवर उतरवून घेतली होती, हाफ पँटवर जहाजावर परत आला.

चहाबिस्किट

बाबांची क्रिकेट बघायची लकी टोपी मिलिटरी प्रिंटची आहे. २०११ पासून. मी आत्ता जाऊन बघितलं, बॅग अजून भरायला घेतली नाहीये आणि ती टोपी बॅगेत आहे.

कट्टा_शिवाजीपार्क

काढा. मी शिवाजी पार्कवरून पांढरी फ्लॉपी हॅट घेऊन ठेवतो, मुलुंडला भाचीकडे येतो तेव्हा देईन. १९७१ ला तीच शोभेल.